पाणी येणार नाही, हे मावशींना कसं कळलं

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी होते. आयटी कंपनीत नोकरी असल्यामुळे फळ्यावरच्या नोटिसा बंद करून मी सगळ्यांना ईमेल पाठवायला लागले.

त्याच सुमारास आमच्या स्वयंपाकाच्या मावशींचा मला संशय यायला लागला. पाणी बंद राहणार असल्याचं महापालिकेचं पत्र माझ्या टेबलावर असायचं, मेल अजून गेलेली नसायची आणि मावशी सोसायटीतल्या त्यांच्या चारही घरी सांगून मोकळ्या, "गुरुवारी पाणी न्हाई, पिंपं भरून ठेवा." आपल्याला वाचता येत नाही, असं त्या म्हणायच्या. मला तेही खोटं वाटू लागलं. मी पत्रं कपाटात कुलूपबंद केली. पण पुढच्या वेळी तर पत्र यायच्या आधीच त्यांना बातमी होती.

शेवटी मी विचारलं, "मावशी, हे तुम्हाला सांगतं कोण?"

"पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणारा आमच्या शेजारीच ऱ्हातो. त्याची बायको सांगती," पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या. मग थांबून त्यांनी विचारलं, "ताई, कपाटाला कुलूप माझ्यामुळं लावलंय व्हय?"

"छे, छे," मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही.

त्यानंतर आमच्या घरी त्या पाण्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. एका गुरुवारी पत्र न येताच पाणी गेलं. मेल उघडता न येणाऱ्या शेजारच्या आजोबांकडेही पिंपं भरलेली होती. मी बादली घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.