दादांचे पालघरचे दिवस

मी कारखान्यांत काम करते, पण कुठल्याच कारखान्यात नोकरीला नाही. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत बऱ्याच कारखान्यांचे पंप, कॉम्प्रेसर, जनरेटर, कूलिंग टॉवर सांभाळायचा ठेका आमच्या कंपनीकडे आहे. या भागातल्या सगळ्या फिरत्या तंत्रज्ञांची प्रमुख मी. रोज सकाळी कोणी कुठे जायचं ते मी ठरवते. पालघर, बोईसर, डहाणू, पार तलासरी-वाड्यापर्यंत माझी माणसं पांगलेली असतात. पालघरजवळच्या माहीमला आमची केळीची आणि पानवेलींची वाडी आहे. घरातून निघायच्या आत निम्मे फोन होऊन गेलेले असतात. आई म्हणते, घरात बसून तू गावं हलवतेस.

या माणसांतले सगळ्यांत जुने म्हणजे दादा. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. घिवलीचे, मच्छीमारांच्या घरातले. बोटीवर त्यांचे भाऊ गेले आणि हे आयटीआय करून पंपांच्या कामाला लागले. सगळे त्यांना दादा म्हणत, मीही म्हणायची. बाकीचे मला मॅडम म्हणतात. दादा पहिल्या दिवसापासून ताई म्हणत आले. बोलणं कमी. काम झालं की फोनवर एवढंच सांगायचे, ‘ताई, चालू केला.’

एका दुपारी मी त्यांना पास्थळ बाजूच्या एका कारखान्यात जायला सांगितलं. तिथे पंप गळत होता. दादा म्हणाले, ‘ताई, आज नाय जमणार.’

इतक्या वर्षांत त्यांनी कधी नाही म्हटलेलं मला आठवत नव्हतं. मी विचारलं, ‘बरं नाही का?’

‘मी बरा हाय. तुमच्या वहिनीला पालघरला न्यायचीय. किडनीचं हाय तिचं. आता मशीनवर ठेवायला लागणार, दिवसाआड.’

ते हे अगदी सरळ आवाजात बोलले. पंपाचं मी बघते, म्हटलं.

तेव्हापासून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे दादांचे पालघरचे दिवस झाले. उमरोळीला त्यांनी खोली भाड्याने घेतली होती, बोईसर आणि पालघर दोन्ही हाताशी राहावं म्हणून. वहिनी आधी बोईसरच्या बाजारात सुकी मच्छी विकायला बसायच्या. ते बंद झालं. त्या तीन दिवशी मी दादांना पालघर स्टेशनच्या आसपासचीच कामं द्यायची. वहिनींना मशीनवर लावलं की ते दोन-तीन तास काम करायचे आणि परत जाऊन त्यांना घेऊन यायचे. एखादं काम मोठं निघालं तर आमचा वेल्डर धावून जायचा. तो गोरखपूरकडचा. बायको-मुलं गावाला, स्वतः बोईसरला चौघांत एका खोलीत राहणारा. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. एक दिवस तोच म्हणाला, ‘मैडम, दादा को शाम का काम मत दीजिए। भाभी डायलिसिस के बाद खड़ी नहीं हो पाती। मैं हूँ ना।’

ठाण्याच्या ऑफिसातून माझ्या साहेबांचा फोन आला. पालघर-बोईसर पट्ट्यातल्या तक्रारींना माणूस पोचायला उशीर का होतोय, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, ‘असं किती दिवस चालेल?’

‘माहीत नाही, सर.’

‘ठीक आहे. तुम्ही सांभाळून घ्या.’

साहेब वाईट माणूस नव्हते. पण सांभाळून घेणं म्हणजे काय, ते फक्त इथल्या माणसांना कळत होतं. कोणी जेवण सोडून जायचं, कोणी सुट्टी पुढे ढकलायची. तोंडाने कोणी काही बोलायचं नाही.

एका बुधवारी दादांना पंपाची गळती थांबवणारं सील द्यायला मी स्वतः त्या डायलिसिसच्या दवाखान्यात गेले. वहिनींना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या बारीक, सावळ्या, हाताला पट्ट्या लावलेल्या, आणि डोळे मात्र हसरे. तोंडात बर्फाचा तुकडा धरून होत्या. त्यांना पाणी मोजूनच प्यायचं होतं, म्हणून तहान लागली की बर्फ.

‘तुमी ताई ना? हे रोज तुमच्याशीच बोलतात. माझ्याशी कमी.’

दादा खाली बघत हसले. मी म्हटलं, ‘माझ्याशी तरी कुठे बोलतात? चालू केला, बंद केला, एवढंच.’

वहिनींना फार हसू आलं. मग मशीनकडे बोट करून त्यांनी विचारलं, ‘हे बिघडलं तर कोण येतं? तुमचाच माणूस?’

‘नाही, याची माणसं वेगळी.’

‘मग त्यांना बी कोणतरी ताई फोन करत असंल.’ त्या शांतपणे म्हणाल्या आणि डोळे मिटून पडल्या. दादांनी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. मी सील टेबलावर ठेवलं आणि निघाले. गाडीत बसल्यावर बराच वेळ चावी फिरवायचं ध्यानात आलं नाही.

वर्षभर असं चाललं. मधे वहिनी जरा सुधारल्या. दोन वेळा त्यांनी माझ्यासाठी दादांबरोबर जवळ्याची चटणी पाठवली. मग त्यांच्या छातीत पाणी भरायला लागलं.

दिवाळीच्या सुमारास एका केमिकल कारखान्याचं वार्षिक शटडाउन होतं. सगळा प्लांट बंद ठेवून वर्षाची दुरुस्ती करायची, असं ते काम असतं. मंगळवार होता. पालघरचा दिवस नव्हता, म्हणून दादा स्वतःहून म्हणाले, ‘मी येतो. सगळ्यांनी माझं लय केलं, उद्या नसणार मी, आज तरी येतो.’ त्या कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. आत ठिणगी चालत नाही, फोनही चालत नाही.

दुपारी माझा फोन वाजला. उमरोळीच्या शेजारच्या काकू बोलत होत्या. वहिनींना श्वास घेता येत नव्हता, रिक्षात घालून पालघरला नेत होते, आणि दादांचा फोन कोणी उचलत नव्हतं.

मी बोईसरच्या ऑफिसातच होते. लगेच निघाले. गेटवर पाहुण्यांचा पास, हेल्मेट, सेफ्टी बूट, सगळं नियमाप्रमाणे व्हायचं होतं. वॉचमनला मी सांगितलं की माझ्या माणसाच्या घरी अडचण आहे. तो भला होता, पण आतून परवानगी आल्याशिवाय तोही सोडू शकत नव्हता. मी तिथे उभी असतानाच काकूंचा दुसरा फोन आला. दवाखान्यात पोचल्या होत्या. पण डॉक्टरांनी काही राहिलं नाही म्हणून सांगितलं. काकू रडत होत्या. त्या म्हणाल्या, ‘त्यांना लवकर आणा हो.’

मग माझाही फोन जमा केला आणि मी आत गेले.

दादा रिकाम्या केलेल्या कूलिंग टॉवरच्या हौदात होते. पोटऱ्यांपर्यंत काळा गाळ, हातात खोरं. वेल्डर वर शिडीवर जाळ्या काढत होता. मला काठावर उभी पाहून दादा थांबले.

‘ताई, तुमी इकडे कशा?’

‘वर या, दादा. वहिनींची तब्येत जास्त झालीय. पालघरला नेलंय.’

ते वर आले. नळाखाली पाय धुवायला लागले. गाळ निघत नव्हता, तरी घासत राहिले. मी घाई केली नाही. मला घाई कसली उरली होती? त्यांनी वेल्डरला सांगितलं की डाव्या बाजूची जाळी अजून काढायची आहे आणि खालचा व्हॉल्व्ह आपण परत येईपर्यंत कोणी उघडायचा नाही. वेल्डर माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला कळलं. तो शिडीवरून खाली उतरला आणि दादांच्या पाठीवर नुसता हात ठेवून उभा राहिला.

गाडी मी चालवत होते. दादा बाजूला बसले होते. उमरोळीच्या अलीकडे एक टँकर रस्त्यात आडवा झाला होता, पुढे-मागे गाड्या अडकल्या.  समोर बघतच त्यांनी विचारलं, ‘ताई, हाय का?’

मी म्हटलं, ‘नाही, दादा.’

त्यांनी काच खाली केली. बाहेर कोणीतरी टँकरवाल्याला ओरडत होतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘एकटी नवती ना?’

‘नाही. शेजारच्या काकू होत्या. हात धरून होत्या.’

हात धरल्याचं काकूंनी मला सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा कळलं की खरंच धरला होता.

वहिनींना घिवलीला नेलं. आमची माणसं जिथे जिथे होती तिथून आली, अंगावर कंपनीचे निळे शर्ट, कोणाच्या हाताला ग्रीस. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आलेली सगळी कामं मी दुसऱ्या दिवसावर टाकली. ठाण्याहून कोणी काही विचारलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर दादा कामावर आले. मी त्यांना बोईसरमधलीच हलकी कामं दिली. पहिल्या सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला.

‘ताई, लांबचा काय कॉल हाय का?’

‘तलासरीला आहे एक, पण तिथे दुसरा जातोय.’

‘मला द्या.’

बुधवारी वाड्याचं काम मागितलं. शुक्रवारी पुन्हा तलासरी. मी देत गेले. मग एकदा तलासरीच्या कारखान्यातून वॉचमनचा फोन आला. आपका आदमी काम करके कब का बैठा है, कुछ बाकी है क्या, असं तो विचारत होता. बाकी काहीच नव्हतं. काम सकाळीच झालेलं. दादा गेटजवळच्या कट्ट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ऑफिसजवळच्या टपरीवर चहाला नेलं. म्हटलं, ‘दादा, सुट्टी घ्या थोडी. घिवलीला आईकडे राहा.’

‘आई बघत बसते माझ्याकडे. जेवलास का, झोपलास का. तिला काय सांगू?’ त्यांनी चहा घेतला नाही. ‘ताई, दुपार झाली की माझे पाय पालघरकडे वळतात. मला तिकडं जायची सवय झाली. घरी जायची राहिली नाय. तुमी मला या बाजूलाच ठेवू नका.’

भरूचकडे आमच्या कंपनीला नवीन काम मिळालं होतं आणि तिथे जुना माणूस हवा होता. मी दोन आठवडे तो विषय काढला नाही. माझा सगळ्यांत भरवशाचा माणूस जाणार म्हणून नव्हे. तिकडे एकटे पडले तर काय, ही भीती होती. शेवटी त्यांनाच कुठून तरी कळलं आणि त्यांनी विचारलं. मी ठाण्याला कळवलं.

उमरोळीची खोली रिकामी करायला आम्ही गेलो. मी, वेल्डर आणि घिवलीहून आलेली दादांची आई. दादा आत आले नाहीत. पायरीवर बसून राहिले. आईने सुनेच्या लुगड्या-साड्यांची एकेक करून घडी घातली, मच्छीच्या पाट्या आणि तराजू एका गोणीत बांधला. वहिनींचा बर्फाचा ट्रे फ्रीजमध्ये होता, त्यात अजून बर्फ होता. आईने तो मोरीत ओतला आणि तिथेच खाली बसली. वेल्डरने मला बाहेर जायची खूण केली. मी बाहेर गेले.

पायरीवर दादा नव्हते. घरमालक म्हणाला, इमारतीची पाण्याची मोटर आठवडाभर बंद होती, तुमचे दादा बघतायत. मागच्या बाजूला ते उकिडवे बसून मोटर खोलत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं नाही. वेल्डरने खाट, गाद्या, डबे टेम्पोत चढवले, तोवर मोटर सुरू झाली. टाकीत पाणी पडायला लागलं तसे दादा उठले, हात पुसले आणि आईला म्हणाले, ‘चल.’ खोलीकडे त्यांनी बघितलंही नाही.

ते भरूचला आहेत. तिथली माणसं त्यांना मोटाभाई म्हणतात, असं एकदा सांगत होते. फोन करतात, कामाचं विचारतात. वहिनींचं नाव ते काढत नाहीत, मीही काढत नाही. वेल्डर मात्र काढतो. तो त्यांच्याशी रविवारी बोलतो आणि मग मला सांगतो, ‘आज रोये थोड़ा। अच्छा हुआ।’

बोईसरच्या बाजारात वहिनी बसायच्या तिथे आता दादांची आई बसते. या वयात कशाला, म्हटलं तर म्हणाली, घरी करमत नाय. परवा तिने मला हाक मारली. पुढ्यात बोंबील आणि सुकट मांडलेली.

‘येतो का गं तो?’

‘पावसाळ्यानंतर येतो म्हणालेत.’

‘गेल्या वर्षी बी तेच म्हणला होता.’

 तिने सुकट कागदात बांधली, वर पिशवी घातली, गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. ‘तुमचा कोणी तिकडं जाणार असंल तर दे. तिकडं मिळत नसंल चांगली.’

आमचा एक माणूस गुरुवारी भरूचला निघाला. मी ती त्याच्याबरोबर पाठवली.