इंदुताईंनी न दिलेला आवाज

मूल या तालुक्याच्या गावापुढे, जंगल लागतं त्या अंगाला असलेल्या एका गावात इंदुताई मोहुर्ले राहतात. वय साठीपुढचं, शिक्षण दहावीपर्यंत, जीभ वकिलाची. गाव त्यांना दोन गोष्टींसाठी ओळखतं. जुन्या मालगुजारी तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कधी जाईल ते त्या ठरवतात. आणि पाच दिवसांची कसोटी त्या पहिल्या चेंडूपासून बघतात. वीस षटकांच्या सामन्याला त्या 'पोट्ट्यायचा धिंगाणा' म्हणतात आणि तिथेच तो विषय संपवतात.

कसोटी बघायची ती प्रवीणच्या किराणा दुकानात. साखरेच्या पोत्याशेजारची प्लास्टिकची खुर्ची इंदुताईंची, आणि समोरच्या बाकावर त्यांचा ठरलेला भांडणारा, मुखरू गुरनुले. इंदुताईंच्या नवऱ्याहून, गुणवंतरावांहून, मुखरू धाकटा, म्हणून त्या त्याच्या वैनी. दोघांच्या धानाच्या बांध्या तलावातून येणाऱ्या एकाच नहरावर, एकमेकींना लागून.

भांडणही ठरलेलं. लॉर्ड्सवर इंग्लंडचा एक गडी चेंडू संपला असं समजून क्रीज सोडून चालू लागला आणि ऑस्ट्रेलियाच्या कीपरने लांबून यष्टी पाडली, ते. सगळं जग त्यावर भांडून दमलं. हे दोघं दमले नाहीत.

"एक आवाज द्याचा होता वैनी. 'बाबू, आत ये' म्हून. मानुसकी हाये का नाई?"

"टेस मॅच हाये का हळदीकुंकू? क्रीज त्याची, मंग सांभाळाची कोनं?"

"तुमी तं ऑस्ट्रेलियाच्या आत्याबाईच दिसता जी."

"अन् तुमी इंग्लंडचे जावई!"

दुकान हसायचं. प्रवीण चहा सांगायचा. असं सव्वा वर्ष चाललं होतं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

आता तलावाचा नियम. पाण्याची बारी आली की मालकाने, नाहीतर त्याच्या घरच्या कोणी, आपल्या धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, हजर असायचं आणि बांध फोडून पाणी आत घ्यायचं. धुऱ्यावर माणूस नसेल तर बारी गेली, पाणी पुढच्याच्या बांधीत. पूर्वी लोक बांध फोडून घरी झोपायला जायचे आणि अर्धा तलाव नाल्यात वाहून जायचा. हा नियम इंदुताईंनीच भांडभांडून आणला होता. त्यांनी तो सख्ख्या भावालाही लावला होता. म्हणून तर गाव म्हणायचं, बाई फाटक्या तोंडाची आहे, पण सरळ आहे. हे सरळपणाचं नाव, तीच त्यांची खरी कमाई.

त्या साली दसऱ्यानंतर पाऊस फिरकलाच नाही. उशिरा पिकणारं भारी धान दाणा भरण्यावर आलेलं, एक पाणी मिळालं तर घरात धान, नाहीतर कोंडा. तलाव तळाशी गेलेला. पुण्याला न्यूझीलंडबरोबर कसोटी सुरू होती आणि आपल्याच फिरकीच्या खेळपट्टीवर आपलीच फजिती चालली होती. त्या शनिवारी मुखरूची बारी होती. त्याच्यानंतरची बारी इंदुताईंचीच.

मुखरू सकाळपासून फावडा घेऊन धुऱ्यावर उभा होता. वरच्या बांधीची बारी सरत नव्हती आणि तिकडे आपली पोरं झपाट्याने धावा काढायला लागली होती. बांधीत मोबाईलला रेंज नाही. तलावाच्या पाळीवर चढलं की येते. त्याने फावडा धुऱ्यात रोवला आणि 'आलोच' म्हणून स्कोर ऐकायला पाळीवर चढला. आलोच म्हणायला तिथे ऐकणारं कोणी नव्हतं.

नेमकं तेव्हाच पाणी सुटलं. इंदुताई नहराच्या काठाकाठाने पाण्याबरोबर चालत खाली आल्या. धुऱ्यावर फावडा, माणूस नाही. त्यांनी मान वर केली. पाळीवर मुखरू, कानाला मोबाईल, पाठमोरा. इंदुताईंचा आवाज शाळेपर्यंत जातो. त्यांनी तोंड उघडलंही.

मग त्यांची नजर स्वतःच्या बांधीवर गेली. जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या. तलावात आता एकाच बांधीपुरतं पाणी उरलं होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

त्यांनी तोंड मिटलं आणि आपला बांध फोडला.

मुखरू धावत खाली आला तोवर पाणी घोट्याएवढं झालं होतं. "वैनी! माही बारी हाये!"

"धुऱ्यावर कोन होतं?"

"मी तं पाळीवरच होतो. फावडा उभा हाये ना पाहा!"

"फावडा बारी घेत नाई भाऊ. मानूस घेते."

मुखरूला हा नियम पाठ होता. त्याने फावडा उपटून खांद्यावर टाकला.

संध्याकाळपर्यंत भारत हरला होता. जेवताना गुणवंतरावांनी विचारलं, "दिसला होता का तो तुले?"

"वरन वाढू का?" इंदुताई म्हणाल्या. नवरा समजला. चाळीस वर्षांचा संसार आहे, समजणार नाही तर काय.

सोमवारी दुकानात खेळपट्टीवरून वाद पेटला होता. 'दुसऱ्यासाठी खड्डा खोदला अन् आपनच पडलो' असं कोणीतरी म्हणत होतं, तेवढ्यात मुखरू आला. बाकावर बसला नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "वैनी, एकच सांगा. तुमाले मी पाळीवर दिसलो होतो का?"

नाही म्हणणं सोपं होतं. इंदुताई खोटं बोलत नाहीत, निदान तोवर तरी बोलल्या नव्हत्या.

"दिसले होते."

"मंग?"

"नियमात आवाज देनं नाई."

कोणी हसलं नाही. एकजण म्हणाला, "नियमानं बरोबरच हाये." दुसऱ्याने मान डोलावली. इंदुताईंना हे जास्त लागलं. कोणी शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी परत चार घातल्या असत्या.

"नियमाचं मी काई म्हनूनच नाई राह्यलो," मुखरू म्हणाला. "दिसलो का नाई, एवढंच पाह्यजे होतं." आणि निघून गेला.

कापणीच्या तोंडावर त्याच्या बांधीतल्या लोंब्या ताठ उभ्या होत्या. भरलेली लोंबी वाकते. इंदुताईंचं धान वाकलं होतं, आणि रोज त्या एकाच धुऱ्यावरून दोन्ही बांध्या दिसत. त्यांनी गुणवंतरावांच्या हाती गेल्या सालचं दोन पोती धान मुखरूकडे पाठवलं. पोती तशीच परत आली. गुणवंतराव पाठीवरचं पोतं उतरवत म्हणाले, "चहा पाजला त्यानं. धान नाई घेतलं."

मग इंदुताईंनी तलावाची सभा बोलावली आणि ठराव मांडला, की बारी पुढे देण्याआधी मालकाला एक आवाज द्यावा. सगळे हात वर झाले. मुखरूचा झाला नाही.

"काऊन जी मुखरूभाऊ? तुमचंच तं म्हननं होतं!" प्रवीणने विचारलं.

"लिहा, लिहा. लिहाले माही ना नाई," मुखरू चप्पल पायात सरकवत म्हणाला. "पन आतापर्यंत आपल्या गावात आवाज लिहून नव्हता लागत."

ठराव मंजूर झाला.

नोव्हेंबरच्या शेवटी पर्थची कसोटी लागली. इंदुताई सकाळीच दुकानात येऊन बसल्या. समोरचा बाक रिकामा होता, मुखरू हल्ली घरीच बघतो. तिसऱ्या पंचाने आपल्या एका गड्याला बाद दिलं आणि दुकानातले सगळे ओरडले. इंदुताई मोठ्याने म्हणाल्या, "बरोबर देल्लं! बादच होता!"

ओरडणारे एकेक करून पुन्हा खाली बसले.

"हो काकू," प्रवीण म्हणाला.

"हो काय हो?" इंदुताई त्याच्यावर उसळल्या. "पाह्यलं का तरी तू?"

प्रवीण साखर तोलत राहिला.