लांडगा की कुत्रा

घरात कापूस भरला की त्या उबदार, कोंदट वासानं नेरच्या सासरची माझी पहिली संक्रांत आठवते. दुपारी कापसाच्या ढिगाला टेकून नणंदेनं चित्रांचे पत्ते वाटले. एक लांडगा, एक राखणदार कुत्रा, बाकी गावकरी. लांडगा रात्री एकाला खातो, दिवसा गावकऱ्यांनी त्याला हुडकायचं. माझ्या पत्त्यावर जीभ काढलेलं केसाळ जनावर होतं. लांडगा की कुत्रा, कळेना, आणि विचारलं तर बिंग फुटणार. "रात्र झाली, समदे डोये मिटा. लांडग्यानं उघडाचे," नणंद म्हणाली. मी भीत भीत उघडले, तर समोर सासूबाई टक्क बघत होत्या. दोन लांडगे पाहून नणंदच गांगरली. सासूबाईंनी हनुवटीनं माझ्या नवऱ्याकडे खूण केली, मी मान हलवली, आणि पहिला तोच गेला. शेवटी पत्ते उलटले. "वहिनी, हा तं कुत्रा हाये. गळ्यातला पट्टा नाही दिसला काय तुम्हाले?" सासूबाईंनी पत्ता घेऊन नीट पाहिला. "लांडगाच होय थो," म्हणाल्या आणि गड्डीत मिसळून टाकला. त्यांना खरंच लांडगा दिसला, की मला त्यांनी आपल्याकडे ओढून घेतलं, हे मला अजून उमगलेलं नाही. आजही त्यांची हनुवटी हलली की कशासाठी ते कळायच्या आत माझी मान हलते.