हात पुढे कर

वित कुर्जेल आठ वर्षांत चारशेहून अधिक वेळा मारला गेला. मे ते ऑक्टोबर, दर शनिवारी दोनदा, सकाळी अकराच्या आणि दुपारी दोनच्या फेरीला. ग्राबोव्नाच्या महालाच्या दर्शनी पायऱ्यांवर पाच माणसं त्याला धरत, मळणीच्या दांडक्यांनी झोडपत आणि अकरा पायऱ्यांवरून खाली ओढत नेत. खाली बर्फावर घसरत जाणारी बिनचाकी बर्फगाडी उभी असे, भर जुलैतसुद्धा. त्याला तीत टाकलं की तिकीट काढून आलेले लोक टाळ्या वाजवत. मग वित उठे, कोट झटके आणि सांगे, "सपाता डावीकडच्या टोपलीत टाका. उजवीकडची लहान मुलांची आहे."

आठवड्याचे बाकी दिवस तो साधा गाइड होता. फरशीला ओरखडे पडू नयेत म्हणून लोकांच्या बुटांवर नमद्याच्या, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीच्या सपाता चढवून त्यांना बावीस खोल्यांतून फिरवायचं. चिनी मातीची शेगडी, शिकारीची खोली, न्याहारीची खोली. या शेवटच्या खोलीच्या दाराचा खालचा भाग कुरतडलेला आहे. कोणीतरी विचारायचंच. वित म्हणायचा, "डुकरांनी. हे दार दीडशे वर्षं आमच्या खोपटाला होतं."

ते खरं होतं. १८४६च्या फेब्रुवारीत आमच्या भागातल्या शेतकऱ्यांनी जमीनदार कापून काढले. इथला मालक ओनुफ्री न्याहारीला बसला होता. त्याला बाहेर ओढून मारलं, बर्फगाडीवर घालून तार्नुफ शहरी सरकारी कचेरीत नेलं आणि मग महाल लुटला. कुर्जेलांच्या वाट्याला दार आलं. कोणाकडे घड्याळ गेलं, कोणाकडे चमचे. हे कोणी केलं ते गावाला माहीत आहे, कारण गाव तेच आहे आणि आडनावंही तीच आहेत. महाल दुरुस्त होऊन संग्रहालय झालं तेव्हा लोकांनी गुपचूप एकेक वस्तू फाटकाशी आणून ठेवली. वितनं दार उघडपणे, दिवसाढवळ्या, खांद्यावरून आणलं.

त्याआधी महालात सरकारी शेताची कचेरी होती आणि वित तिथे ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. शेत बंद पडलं, कचेरी गेली, छपरातून पाणी गळायला लागलं. बारा वर्षं वितनं पगाराशिवाय किल्ल्या सांभाळल्या. नवं संग्रहालय आलं तेव्हा कुठली किल्ली कुठल्या कुलुपाची, हे सांगणारा तो एकटाच होता. म्हणून त्याला रखवालदार केलं आणि पुढे गाइड.

शनिवारचा खेळ व्यवस्थापक मालविनाबाईंनी लिहिला होता. मालक चाबूक घेऊन बाहेर येतो. शेतकऱ्यांचा म्होरक्या एक पायरी खाली, टोपी काढून उभा. मालक चाबूक मारतो; म्हणजे वित स्वतःच्या बुटावर मारायचा, आवाज मोठा यायचा. पुन्हा उगारतो तेव्हा म्होरक्या चाबूक पकडतो आणि बाकीचे चौघे धावून येतात. पाच वर्षांपूर्वी एका शनिवारी प्रेक्षक कंटाळलेले दिसले, तेव्हा वितनं स्वतःचं एक वाक्य घुसडलं. हनुवटी वर करून, घोगऱ्या आवाजात, सावकाश: "हात पुढे कर." म्होरक्यानं हात पुढे केला. सगळं अंगण गप्प झालं.

"हे ठेवा," मालविनाबाई म्हणाल्या. "अंगावर काटा आला."

म्होरक्या होता रादेक, वितचा जावई. सॉ मिलमध्ये कामाला, दोघांचा ओंडका एकटा उचलणारा. वितची मुलगी अगाता महालाच्या तिकीट खिडकीवर बसायची, सपाता द्यायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यातल्या शेवटच्या चार वर्षांत ती दोनदा तळघरात पडली होती आणि एकदा तिला कपाटाचं दार लागलं होतं. गावानं हे ऐकून घेतलं. वितनंही.

गेल्या वर्षी सप्टेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी अगाता बॅग घेऊन बापाच्या घरी आली. उजवं मनगट सुजून दुप्पट झालं होतं. इस्पितळात जायला ती तयार नव्हती. वितनं दोन लाकडी चमचे लावून ते बांधलं. शुक्रवारी सकाळी तो पोलीस चौकीत गेला.

"ती स्वतः आली आहे का?" हवालदारानं विचारलं.

"नाही."

"मग मी काय लिहू, वितकाका? सासऱ्याचं जावयाशी पटत नाही, असं? कॉफी घ्या."

वितनं कॉफी घेतली आणि तो घरी आला. संध्याकाळी तो बटाटे सोलत होता, ती समोर बसली होती.

"खरं सांग. कशानं?"

"लाटण्यानं."

"तू काय केलं होतंस?"

अगातानं त्याच्याकडे पाहिलं. "बघा. तुम्हीही आधी हेच विचारता."

त्यानं पुढचा बटाटा घेतला. मग ती म्हणाली, "ओट्याशी उभं करतो, बाबा. म्हणतो, हात पुढे कर. अगदी तुमच्यासारखं. हनुवटी वर, आवाज घोगरा. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. म्हटलं, तुमची नक्कल करतोय."

"पहिल्यांदा म्हणजे कधी?"

"चार वर्षं होतील."

वितनं सुरी खाली ठेवली. उरलेले बटाटे तसेच राहिले.

शनिवारी साडेदहाला रादेक तिकीट खिडकीशी आला. आतल्या टोपलीतल्या सपातांच्या अगाता डाव्या हातानं जोड्या लावत होती.

"माहेरपण पुरे झालं," तो म्हणाला. "दोनचा खेळ संपला की बॅग घे. गाडी फाटकाशी उभी आहे."

ती जोड्या लावत राहिली. रादेक वळला तर समोर वित, मालकाच्या कोटात.

"काय सासरेबुवा, आज कुठे मारू? तुम्ही सांगाल तिथे."

"नेहमीच्या जागी," वित म्हणाला. बाकीचे चौघे हसले.

अकराचा खेळ नेहमीसारखा झाला. वितनं बुटावर चाबूक मारला, ओरडला, ओढला गेला, उठला. रादेक कुठल्या पायरीवर उभा राहतो, हात किती पुढे करतो, हे त्यानं नीट पाहून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं शिकारीच्या खोलीतली काचेची पेटी उघडली. तिच्यात ओनुफ्रीचा खरा चाबूक होता. मुठीच्या टोकाला अंड्याएवढा गोळा, आत शिसं, वरून चामडं. गाइड म्हणून वित हे रोज सांगायचा: घोडा उधळला तर मालक या टोकानं त्याच्या कपाळावर हाणायचा.

दोनच्या फेरीला व्रोत्सवाफहून आलेले चौतीस लोक होते, बहुतेक निवृत्त शिक्षक. शिकारीच्या खोलीत एका बाईंनी विचारलं, "पेटी रिकामी का?"

"वस्तू वापरात आहे," वित म्हणाला. लोक हसले.

पायऱ्यांवर रादेक टोपी हातात घेऊन उभा होता. वित त्याच्या समोर आला.

"हात पुढे कर."

रादेकनं उजवा हात पुढे केला. तो किंचित हसत होता. वितनं चाबूक उलटा केला, दोन्ही हातांनी धरला आणि शिशाचा गोळा मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. एका बाईंनी पुढे जबाबात सांगितलं की तो आवाज स्पीकरमधून आला असं त्यांना वाटलं. हात मनगटापर्यंत नीट होता, पुढे तो भलत्याच दिशेला लोंबत होता.

"म्हाताऱ्या, डोकं फिरलं का?" रादेक दात आवळून म्हणाला.

"आता दुसरा."

दुसरा हात आला नाही. वितनं चाबूक सुलटा केला आणि त्याच्या तोंडावर ओढला. कानाची पाळी फाटली, मानेवरून रक्त सदऱ्यात उतरलं. तिसऱ्या फटक्याला रादेकनं डाव्या हातानं चाबूक धरला. बाकीच्या चौघांसाठी ही खूण ठरलेली होती. ते मागे उभे होते, त्यांनी मोडलेला हात पाहिला नव्हता. ते धावून आले आणि ठरल्याप्रमाणे वितचे दोन्ही हात धरले.

दांडक्यांच्या एका टोकाला खेळासाठी नमदा गुंडाळलेला असतो. रादेकनं डाव्या हातानं दांडकं उचललं आणि उलटं धरलं. पहिल्या घावात वितचे समोरचे चार दात गेले. दुसरा डाव्या डोळ्यावर बसला. मग बरगड्या, त्याच जागी तीनदा. पायरीवर रक्ताचा सडा पडला. शिक्षक मोबाइल उंच धरून चित्रण करत होते. "किती खरं वाटतं नाही?" एका चित्रणात ऐकू येतं.

वितचा उजवा हात झेनोन नावाच्या माणसानं धरला होता. तो पुढे म्हणाला, "मालक दरवेळी ओरडतो. त्या दिवशी गप्प होता. म्हणून मी हात सोडला." बाकीच्यांनीही सोडले. तोवर रादेकनं वितला कॉलरला धरून ओढायला सुरुवात केली होती. अकराही पायऱ्यांवर डोकं आपटलं. खाली पोचल्यावर रादेकनं त्याला बर्फगाडीत ढकललं आणि पोटात लाथ घातली. टाळ्या सुरू झाल्या.

अगाता खिडकी सोडून आली होती. ती गर्दीतून पुढे येऊन नवरा आणि बर्फगाडी यांच्यामध्ये उभी राहिली.

"गाडीत बस," रादेक म्हणाला.

"नाही."

"लोकांपुढे शोभा करू नकोस. बस म्हटलं ना!"

ती लोकांकडे वळली. आवाज खिडकीवरचाच होता, तिकिटं संपली म्हणून सांगावं तसा. "हा खेळ नाही. हा माझा नवरा आहे, तो माझा बाप आहे. आणि हे परवाचं, यानंच केलेलं." तिनं चमच्यांनी बांधलेला हात वर धरला.

टाळ्या थांबल्या. मागचे एक गृहस्थ, ज्यांना ऐकू कमी येत होतं, थोडा वेळ एकटेच वाजवत राहिले.

रादेकनं डावा हात उगारला. आता झेनोननं तो धरला आणि उरलेल्या तिघांनी रादेकला चिखलात पाडून त्याच्यावर बसकण मारली. रुग्णवाहिका येईपर्यंत ते त्याच्यावरून उठले नाहीत.

जिल्ह्याच्या इस्पितळात त्या संध्याकाळी दोन उजव्या मनगटांचे एक्स-रे निघाले, दोघांचं आडनाव एक. डॉक्टरला वाटलं, एकाच माणसाचे दोनदा काढले गेले. चौकीतला तोच हवालदार इस्पितळात आला. या वेळी अगाता स्वतः बोलली आणि त्यानं सगळं लिहून घेतलं, तळघर आणि कपाटासकट.

खटला मार्चमध्ये उभा राहिला. पहिला घाव कोणाचा, हे चौदा मोबाइलवर स्पष्ट दिसत होतं. न्यायाधीशबाईंनी चित्रण दोनदा पाहिलं.

"हे वाक्य कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं," वित म्हणाला. नव्या दातांमुळे त्याचे उच्चार अजून बसले नव्हते.

"का घातलंत?"

"लोकांना आवडायचं."

वितला एक वर्षाची शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली. गाइडची नोकरी गेली. डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड कळतो. रादेकला दीड वर्षाची झाली, तो आत आहे. त्याची उजवी मूठ वळत नाही. घटस्फोटाच्या कागदावर त्यानं डाव्या हातानं सही केली.

अगाता बापाच्या घरी राहते. दोघं फारसं बोलत नाहीत. एकदा वित म्हणाला, "मी तुझ्यासाठीच केलं." ती म्हणाली, "माझ्यासाठी तुम्ही शुक्रवारी कॉफी प्यायलात. शनिवारचं तुमच्या स्वतःसाठी होतं." त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. तो अंगणात लोकांची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतो.

किल्ल्यांचा जुडगा आता अगाताकडे आहे. फेऱ्याही तीच घेते. शनिवारचा खेळ पुन्हा सुरू करावा म्हणून मालविनाबाईंनी उन्हाळ्याआधी विचारलं, लोक फोन करतात म्हणाल्या. अगातानं सांगितलं, मालक आणि म्होरक्या तुम्ही शोधा, मग मी किल्ल्या तुमच्या टेबलावर ठेवून जाते. बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

शिकारीच्या खोलीत चाबूक परत पेटीत आहे. अगाता तिथे थांबत नाही. बाहेरच्या पायऱ्यांवर मात्र लोक स्वतःहून थांबतात. काहीतरी होईल असं त्यांना वाटतं.

"इथे त्यांनी मालकाला मारलं," ती म्हणते. "पायऱ्या अकरा आहेत. सपाता घसरतात, एकेक करून उतरा."

खाली उभी राहून ती सपाता गोळा करते. मनगट कधीचं बरं झालंय, तरी घेते ती डाव्या हातानंच.