शेळीचं उकळलेलं पाणी

आई-बाप गेल्यावर मावशीनं मला तुंगार्लीच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या वाडीवर नेलं. पोरकं मूल सांभाळणाऱ्या घरांना लोणावळ्याची एक संस्था तेव्हा शेळी घेण्यापुरतं कर्ज द्यायची. अट एवढीच होती, की दर गुरुवारी नर्सबाई वाडीवर येऊन आरोग्याचं जे सांगतील, ते बसून ऐकायचं. माझ्यामुळे मावशीच्या दारात शेळी आली. मावशीनं एकही गुरुवार चुकवला नाही.

पावसाळा संपल्यावर बाई घरं बघायला आल्या. आमच्या चुलीवर पाणी उकळत होतं. ते बघून बाई खूश झाल्या. मावशीनं आधीचं गार झालेलं पाणी फडक्यातून गाळलं आणि शेळीपुढं ठेवलं.

‘आणि मुलं कुठलं पितात?’ बाईंनी विचारलं.

‘वढ्याचं.’

बाई चिडल्या. इतके गुरुवार काय ऐकलंत, म्हणाल्या. मग मावशीही चिडली.

‘समदं ऐकलंय, बाई. शेळी तुमच्या कर्जाची हाय. तिला काय झालं तर तुमास्नी तोंड कसं दावू? पोरं काय, आमची घरचीच हायती.’

मावशीला स्वतःची दोन पोरं होती. मला सगळी वाडी ‘बहिणीची’ म्हणायची. मावशीसुद्धा. त्या दिवशी मात्र तिनं मला घरच्यांत धरलं.

बाईंनी त्या दिवसापासून आम्हा तिघांनाही उकळलेलं पाणी प्यायला लावलं. मी पुढं कितीतरी दिवस चोरून ओढ्याचंच पीत होते.