कारवी पाहायला पितृपक्षानंतर या

दिवस, आणि त्या त्या दिवशी जे घडले त्यास जबाबदार असलेले इसम, असे:

ऋषिपंचमी. पत्नीने विषय काढला. जबाबदार: मी, कारण मी ‘बघू’ म्हणालो.

गौरी विसर्जनाचा दुसरा दिवस. प्रवासप्रेमींच्या एका फोरमवर मी प्रश्न विचारला आणि तासाभरात सल्ला मिळाला. जबाबदार: सल्ला देणारे गृहस्थ, ज्यांना पुढे मी ‘सल्लागार’ म्हणेन.

अनंत चतुर्दशी. सल्ला खरा की खोटा हे एका फोनवर पडताळून पाहण्याची अखेरची संधी. जबाबदार: पुन्हा मी, आणि फोरमचे व्यवस्थापक, ज्यांनी सल्लागारांचा धंदा काय हे कुठेही लिहून घेतले नाही.

आश्विन शुद्ध द्वितीया. प्रत्यक्ष स्थळपाहणी. जबाबदार: वरील सर्व.

मी दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार होतो. घटनाक्रम आधी आणि राग नंतर मांडावा, हे तिथे शिकलो. राग येतोच, त्याला नंबर पडला की तो जरा शिस्तीत वागतो, इतकेच.

आता हकिगत. माझ्या पत्नीचे माहेर अकोले तालुक्यातले राजूर. तिचे वडील तिथे शिक्षक होते. राजूरच्या वरच्या डोंगरांवर कारवी नावाचे झुडूप माजते. सहा वर्षे ते नुसते हिरवे असते, लोक त्याच्या काड्यांनी घराचे कूड, म्हणजे भिंती, विणतात, आणि सातव्या वर्षी पावसाच्या उतरणीला अख्खा डोंगर जांभळा होतो. मग झुडूप मरते. पत्नीने लग्नाआधी हे दोनदा पाहिले. लग्नानंतर कारवी पाच वेळा फुलली आणि पाचही वेळा आम्ही गेलो नाही. पहिल्या वेळी कार्यालयाची तपासणी होती, दुसऱ्या वेळी आईचे आजारपण, तिसऱ्या वेळी माझी बदली, चौथ्या वेळी मुलाचा प्रवेश. पाचव्या वेळचे कारण मला आठवत नाही, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते.

यंदाची सहावी. मध्यंतरी डोळ्यांच्या डॉक्टरांनी पत्नीला काचबिंदू असल्याचे सांगितले. थेंब घातले तर आहे ती नजर टिकेल, गेली ती परत येणार नाही, आणि कडेचे दिसणे हळूहळू कमी होत जाईल, असे त्यांचे म्हणणे. पत्नीने त्यावर काही तक्रार केली नाही. ऋषिपंचमीची भाजी निवडता निवडता ती एवढेच म्हणाली, “यंदा कारवीचं वर्ष आहे. डोंगर एकदम सगळा दिसतोय तोवर बघून घेऊ म्हणते.”

मी म्हणालो, “बघू.”

“दादाचा फोन आला होता सकाळी. तो म्हणत होता—”

इथे मी हात वर केला. त्याचे कारण सांगणे भाग आहे.

राजूरचे माझे मेहुणे, पत्नीचे थोरले बंधू, यांच्याकडे माझे एक पत्र प्रलंबित आहे. त्यांच्या मुलीच्या लग्नात मानाचे फेटे बांधताना मी, म्हणजे घरचा थोरला जावई, क्रमाने तिसरा आलो. पहिला फेटा सोसायटीच्या चेअरमनला, दुसरा मांडववाल्याच्या सासऱ्याला. घरी परतताच मी चार परिच्छेदांचे पत्र रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवले आणि पंधरा दिवसांत खुलासा मागितला. पोचपावती आली. खुलासा आला नाही. त्याऐवजी एसटीच्या पार्सलने काळभाताच्या तांदळाचे पोते आले. तांदूळ आम्ही खाल्ला. तरीही तांदूळ म्हणजे खुलासा नव्हे, या मतावर मी आजही ठाम आहे. तेव्हापासून माझ्या वतीने पत्नीच मेहुण्यांशी बोलते आणि मी त्यांना काहीही विचारत नाही. जावयाने सासुरवाडीला आपण होऊन विचारायचे नसते. विचारले की गरज दिसते, आणि गरज दिसली की मान जातो.

“मग कोणाला विचारणार?” पत्नीने विचारले.

“जगाला,” मी म्हणालो.

मुलाने मोबाईलवर जोडून दिलेला तो फोरम मी रोज वाचत असे. कुठे काय पाहावे, कुठे उतरावे, कोणता घाट बंद आहे, हे लोक एकमेकांना विचारतात आणि अनोळखी माणसे उत्तरे देतात. मी रीतसर लिहिले. विषय: राजूर परिसरातील कारवीच्या फुलोऱ्याचा नेमका कालावधी. महोदय, सादर विनंती की. खाली दोन ज्येष्ठ नागरिक, पैकी एकीची दृष्टी अधू, असा खुलासाही केला.

पहिले उत्तर एका थट्टेखोराचे: “काका, अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प लावायचा राहिला.” दुसऱ्याने विचारले, पुढची तारीख कधीची. मी दोघांनाही उत्तर दिले नाही. अशांना अनुल्लेखाने मारणे हा माझा जुना परिपाठ आहे. तिसरे उत्तर सल्लागारांचे. सोबत जांभळ्या डोंगराचा फोटो.

“काका, अजिबात घाई करू नका. आत्ता नुसत्या कळ्या आहेत. पितृपक्षानंतर या, पूर्ण डोंगर भरलेला मिळेल. मी दर आठवड्याला जातो. काकूंसाठी काठी घ्या, तळाला पकड असलेले बूट घ्या, संगमनेरला पोटभर खाऊ नका, घाटात त्रास होतो.”

हा मजकूर मी पत्नीला वाचून दाखवला. त्यातली काळजी मला आवडली. त्याहून अधिक, तो सल्ला माझ्या सोयीचा होता, हे आज कबूल करतो. घरी दहा दिवसांचा गणपती, त्यानंतर पंधरवडा, त्यात वडिलांचे श्राद्ध; नवरात्रात मात्र मोकळीक, कारण आमचे घट थोरल्या भावाकडे बसतात. जणू माझी दिनदर्शिका पाहूनच निसर्गाने तारीख दिली होती.

पत्नीने गॅस बारीक केला आणि म्हणाली, “फुलांना कुठून कळला हो पितृपक्ष?”

“ते दर आठवड्याला जातात.”

“आणि दादा तिथे राहतो.”

मी वर्तमानपत्र उघडले.

दोन दिवसांनी सल्लागारांचा खासगी निरोप आला. त्यांची स्वतःची गाडी आमच्याच नगरहून द्वितीयेला निघणार होती. दोन जागा पुढच्या, काकूंसाठी खास. म्हणजे हे गृहस्थ सहलींचे एजंट होते. न्यायालयात ज्याचा दाव्यात हितसंबंध आहे त्याने तो आधी सांगायचा असतो. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. त्याऐवजी मला वाटले, बरे झाले, माहीतगार माणूस सोबत आहे.

द्वितीयेला आम्ही निघालो. प्रामाणिकपणे नोंदवतो: त्यांचा एकेक सल्ला खरा ठरला. संगमनेरला मी हट्टाने मिसळ खाल्ली आणि घाटात मला त्रास झाला. काठी लागली. बूट लागले. गाडीतल्या बारा जणांना त्यांनी धुके कुठे लागेल हे आधी सांगितले, आणि धुके तिथेच लागले. माणूस पस्तिशी-चाळिशीचा, बोलका, पत्नीला प्रत्येक पायरीवर हात देणारा. वर पोचेपर्यंत माझा त्यांच्यावर मुलासारखा जीव जडला होता.

वर डोंगर तपकिरी होता.

जांभळा नव्हे, हिरवाही नव्हे. पुरुषभर उंचीच्या काड्या आणि त्यांच्या टोकांना वाळलेली बोंडे. गाडीतली तरुण मंडळी तशीच फोटो काढू लागली. पत्नी एका झुडपापाशी गेली, बोंडाला हात लावला, बोटे एकमेकांवर चोळली आणि नाकाशी नेली. बोंड चिकट होते.

“संपली,” ती म्हणाली. “हा चिकटा संपल्यावरच धरतो.”

जवळच एक बाई शेरडे चारत होत्या. मी त्यांना विचारले, कारवी केव्हा फुलली होती?

“गौरी बसल्या तवा लई भरात हुती, बाबा. माश्यांचा निस्ता गुंजारा. आता काय हाय? काड्या.” मग पत्नीकडे पाहून म्हणाल्या, “तुमी राजूरच्या मास्तरांची ना? मग तुमाला ठावं न्हाई व्हय?”

पत्नी हसली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “आमच्याकडे मोबाईलवर ठरतं, मावशी.”

मी सल्लागारांना बाजूला घेतले. ते म्हणाले, “काका, निसर्ग आहे. मागेपुढे होतं.”

“निसर्गाला पक्षकार करू नका,” मी म्हणालो. “तुम्ही दर आठवड्याला येता असे लिहिले आहे. गौरींच्या आठवड्यात आला होता का?”

“नाही.”

“का?”

“गणपतीत गाड्या मुंबईकरांच्या भाड्याला होत्या.”

“त्यानंतर?”

 ते अगदी सरळ आवाजात म्हणाले, “काका, पितृपक्षात सहलीची गाडी कोण बुक करतं? तुम्ही केली असती?”

चाळीस वर्षांत मी पुष्कळ उलटतपासण्या ऐकल्या. एकाच प्रश्नात साक्षीदार गप्प झालेला क्वचित पाहिला, आणि तो साक्षीदार मी असेन असे कधी वाटले नव्हते. मी केली नसती. आमच्या गाडीतल्या बारांपैकी कोणीही केली नसती. म्हणून त्यांनी डोंगरालाच पंधरवडाभर थांबायला सांगितले, आणि डोंगराने ऐकले नाही.

परतताना राजूरच्या बाजारात गाडी चहाला थांबली. पत्नी उतरली ती थेट दादांच्या कापडाच्या दुकानाकडे चालू लागली. मला मागून जाणे भाग होते. तिला पायऱ्या नीट दिसत नाहीत. दादांनी मला पाहिले, गादीवरून उठले आणि दोन्ही हात जोडले.

“या दाजी. रजिस्टर पत्रानं आला की साध्या पोस्टानं?”

“सहज आलो,” मी म्हणालो.

“सहज? वरून आलात, बुटाला चिकटा हाय.” मग पत्नीकडे वळून म्हणाले, “बाई, ऋषिपंचमीलाच सांगितलं हुतं ना तुला? आठ दिवसांत या म्हनलं हुतं.”

 माझा वर केलेला हात पत्नीने त्यांना सांगितला नाही. मीच सांगितला. दादांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “दाजी, पहिला फेटा तुमचाच ठेवला हुता. तुम्ही मांडवात पत्रिकेतल्या चुका मोजत बसला हुता, सापडला न्हाईत.”

हे खरे असू शकते. पत्रिकेत चुका होत्या.

चहा आला. पत्नीने कपाकडे पाहत विचारले, “आता परत कधी?”

“सात वर्षं,” दादा म्हणाले, आणि आम्ही तिघांनीही मनात बेरीज केली.  मग ती म्हणाली, “कशी दिसत होती, सांग.” दादा कापडाचे व्यापारी. त्यांनी मागच्या फळीवरून तीन कापडे काढून तिच्या मांडीवर पसरली. खालच्या अंगाला हे, वर उन्हात हे, आणि संध्याकाळी सगळा डोंगर हा असा. ती प्रत्येक कापड डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती. मला बाहेर जाऊन उभे राहावे लागले.

आत आलो तेव्हा दादा सांगत होते की पलीकडच्या खोऱ्यातल्या डोंगरावरची कारवी वेगळ्या वर्षी धरते. अजून दोन पावसाळे, मग तिची पाळी. पत्नी माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, “दादा, कळ्या दिसल्या की मला फोन करा. मला. हिला नको.”

“लेखी देऊ?” दादा म्हणाले.

गाडीत बसल्यावर पत्नीने विचारले, “त्या मुलाला पत्र लिहिणार ना तुम्ही?”

“नोटीसच.”

“लिहा. पण घरी पाठवू नका. तो बिचारा घाबरेल आणि फक्त तुमची माफी मागेल. सगळ्यांना दिसेल असं लिहा. आणि त्यात स्वतःलाही घाला.”

तिच्या म्हणण्याप्रमाणे मी वर स्वतःला दोनदा घातले आहे. आता निष्कर्ष. फोरमवरच्या एजंटाचा सल्ला विश्वासार्ह आहे का? काठीबाबत, बुटाबाबत, धुक्याबाबत आणि मिसळीबाबत, पूर्णतः. कारण त्यात खोटे बोलून त्याचा काही लाभ नाही. केव्हा यावे याबाबत, मुळीच नाही, जोवर त्याची गाडी केव्हा रिकामी असते हे आपल्याला ठाऊक नाही. माझे भागेल. मला राजूरला मेहुणे आहेत, आणि आता मी त्यांना विचारतो. पण त्या गाडीतल्या इतर दहा जणांना राजूरला कोणी नव्हते. माझ्या प्रश्नाखाली आजही नवनवी माणसे ‘धन्यवाद, आम्हीही पितृपक्षानंतर जाऊ’ असे लिहीत आहेत. त्यांतल्या कोणाच्या घरी कोणाची नजर कमी होत असेल, हे सल्लागारांना माहीत नाही आणि मलाही नाही.

म्हणून माझी मागणी. सल्लागारांनी त्याच फोरमवर, माझ्या त्याच प्रश्नाखाली, खासगी निरोपात नव्हे, पुढील गोष्टींचे उत्तर द्यावे: तो जांभळ्या डोंगराचा फोटो कोणत्या वर्षीचा आणि कोणत्या डोंगराचा? सल्ला लिहिला त्या दिवशी आपण स्वतः वर जाऊन कळ्या पाहिल्या होत्या काय? आणि आपण गाडी चालवता, हे पहिल्याच ओळीत का लिहिले नाही? व्यवस्थापकांनी ते उत्तर पुसू नये. मी रोज सकाळी पाहतो, आणि पत्नीला मोठ्याने वाचून दाखवतो.