सुट्टीची गोळी

आमचे हे क्रेनवर. मालधक्क्यावर लोखंडी पेट्या उचलणारी ती उंच क्रेन असते ना, तिच्या केबिनमध्ये ह्यांची सगळी नोकरी गेली. खालचे लोक ‘वरचे काका’ म्हणायचे. एवढी मोठी पेटी ट्रकवर टेकली तरी आवाज यायचा नाही, असा हात. घरी तोच माणूस कपबशी आपटल्याशिवाय ठेवत नाही, ते सोडा.

कामावरच्या तपासणीत ह्यांचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली, रोज सकाळी घ्यायची. त्या गोळीने लघवीला सारखं होतं. आता त्या केबिनमध्ये कसलं आलंय शौचालय! उभी शिडी उतरा, परत चढा, तोवर खाली ट्रकांची रांग आणि वॉकीटॉकीवर सुपरवायझरचा ठणाणा: “काका, झोपलात काय?” मग क्रेनवरच्या सगळ्यांनी मिळून अक्कल पाजळली. गोळी घ्यायची ती फक्त सुट्टीच्या दिवशी. तिचं नावच पडलं, सुट्टीची गोळी! ड्यूटीवर पाणीसुद्धा बंद. भरलेली बाटली शिडीच्या पायथ्याशी हुकाला अडकवून वर जायचं, उतरल्यावर प्यायची.

ती बाटली रोज मी भरायची आणि मलाच पत्ता नाही! गोळ्या संपत कशा नाहीत विचारलं, तर म्हणे, “पाकीट मोठं आहे गं.”

एका सकाळी दाढी करताना म्हणाले, “अगं, आरसा पूस जरा.” आरसा तर लख्ख होता. मी त्याच दिवशी ह्यांना डोळे दाखवायला नेलं.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी उजव्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो दाखवला. म्हणाल्या, “या केसासारख्या रक्तवाहिन्या बघा. वर्षानुवर्षं दाब सोसून यांच्या भिंती जाड होतात आणि आतली वाट अरुंद होते. इथे जाड झालेल्या रोहिणीखाली शीर दबली, रक्त अडलं आणि पडद्यात पसरलं. डोळ्यात निदान दिसतं तरी. मेंदूत, मूत्रपिंडात हेच चाललं असेल, तर बाहेरून कळत नाही. गोळी रोज घेता ना?”

हे हळूच म्हणाले, “सुट्टीला घेतो,” आणि शिडीचं, लघवीचं सगळं सांगितलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई म्हणाल्या, सारखी लघवी होणार नाही अशी दुसरी गोळी देता आली असती. मी ह्यांच्यावर ओरडले, “सांगायला काय धाड भरली होती?”

“विचारलं कुणी?” हे म्हणाले.

खरंच कुणी विचारलं नव्हतं. दर तपासणीला आकडा बघायचा, ‘थोडं वाढलंय’ म्हणायचं आणि तीच गोळी पुन्हा द्यायची. मेलं ‘थोडं’! माणूस वर लघवीला कुठे जातो, हे विचारायला काय जीभ झिजते?

उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागल्यावर क्रेन गेली. ह्यांना फाटकावर बसवलं. शेजारीच शौचालय, फरशी लावलेलं, नळाला पाणी. आणि सुपरवायझर मलाच ऐकवतो, “वहिनी, काकांची चांगली सोय झाली बघा.” सोय! डोळा गेल्यावर सोय!

परवा डबा द्यायला गेले होते. हे मान वर करून क्रेनकडे बघत होते. म्हणाले, “वर कोण बसलंय गं? मला काही ओळखू येत नाही.”

मलाही ओळखू येईना. पण शिडीच्या पायथ्याशी त्याच हुकाला कुणाची तरी बाटली लटकत होती. भर दुपार, आणि बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

मी ती काढली आणि थेट सुपरवायझरच्या टेबलावर आपटली. “हिचा मालक वर तहानलेला बसलाय. त्याला खाली बोलवा.”

“वहिनी, ट्रक उभे आहेत.”

“उभे राहू देत. त्यांचे डोळे जात नाहीत.” मी समोरची खुर्ची ओढून बसले.

त्याने माझ्याकडे बघितलं, खिडकीतून फाटकावरच्या ह्यांच्याकडे बघितलं आणि वॉकीटॉकी उचलला. “खाली ये रे. पाणी पिऊन जा.”